देवमन, दात आणि डावा पाय

मुंढव्याच्या पुढे, मुळा-मुठेच्या अंगाला असलेल्या या तबेल्यात डॉक्टरबाई ठरल्या वेळेच्या तासभर आधीच पोचल्या आहेत. ऑगस्टची सकाळ. रात्रभर रिपरिपणारा पाऊस आत्ता कुठे थांबलाय, पत्र्यावरून पागोळ्या गळताहेत. साईस हातात बादली घेऊन गोंधळून उभा आहे.

"मॅडम, सातला येणार म्हणाला होतात ना?"

"हो. पण मला जनावर उठल्या उठल्या बघायचंय. अजून कुणाला बाहेर काढलं नाहीये ना?"

साईस मान हलवतो. तरीही बाई पहिल्या कप्प्यात शिरतात आणि घोडीच्या आयाळीखाली, मग तंग बांधायच्या जागी हात घालून बघतात. अंग कोरडं, गार. गिऱ्हाईक यायच्या आधी घोड्याला तासभर पळवून आणलं, की आखडलेले सांधे मोकळे होतात आणि तापट जनावरही शहाण्यासारखं उभं राहतं. पहाटे सहाला एखाद्या घोड्याची पाठ घामेजलेली असली, तर तपासणी तिथेच संपवावी, असा बाईंचा शिरस्ता आहे.

आज तसं काही नाही. आम्ही तिघं मागे उभे आहोत. बँकेतून निवृत्त झालेले माझे कोथरूडचे मित्र, त्यांची लेक आणि मी. लेक रायडिंग स्कूलमध्ये जाऊन बरंच शिकली आहे. आता तिला स्वतःचा घोडा हवाय. विकाऊ दोन आहेत. एक कुम्मैत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोडी, रेसमधून निवृत्त झालेली थरोब्रेड. दुसरा नुकरा, म्हणजे दुधासारखा पांढरा, गुलाबी कातडीचा मारवाडी घोडा. लेकीचं लक्ष घोडीकडे आणि मित्राचं नुकऱ्याकडे, हे मोटारीतच कळलंय.

बाई अजून घोड्याकडे बघतच नाहीत. त्या गव्हाणीची कड बघताहेत, दाराची फळी बघताहेत. लाकूड दातांनी कुरतडलेलं आहे का? काही घोडे गव्हाणीची कड दातांत धरून हवा ओढतात, काही दारात उभे राहून तासन्‌तास या पायावरून त्या पायावर डुलतात. दिवसदिवस कोंडून ठेवल्याने लागलेल्या या खोडी, आणि एकदा लागल्या की सहसा सुटत नाहीत. मग त्या काठीने लीद उलगडतात. गोळे घट्ट, ओलसर, अख्खे दाणे फारसे नाहीत. "दात चालताहेत," त्या पुटपुटतात. पाण्याची बादली अर्धी, कोपऱ्यातलं गवत चिवडलेलं, पेंढा एका जागी दबलेला. रात्री घोडी आडवी झाली होती, हेही बरंच.

सात वाजता दलाल येतो. अकलूजकडचा माणूस, खांद्यावर टॉवेल, बोलणं लोण्यासारखं. त्याचं वर्षाचं गणित यात्रांवर चालतं. दिवाळीच्या सुमारास अकलूजचा घोडेबाजार, दत्तजयंतीला नंदुरबारकडे सारंगखेडा, त्याच हंगामात नांदेडकडची माळेगावची खंडोबाची यात्रा. पुण्यात मात्र त्याचा माल दुसऱ्या वाटेनेही येतो. पावसाळ्यात मुंबईच्या शर्यती पुण्याच्या रेसकोर्सवर येतात. १८३० पासूनचं हे मैदान. तिथे दरवर्षी काही घोडे कमी पडतात, काही दुखावतात, आणि मालकाला खाणं परवडेनासं झालं की पाच-सहा वर्षांचं उमदं जनावर बाजारात येतं. कुम्मैत घोडी त्यातलीच.

"आधी हा बघा साहेब," दलाल नुकऱ्याला बाहेर काढतो. घोडा खरोखर देखणा. कान टोकाशी जुळणारे, मान धनुष्यासारखी. दलाल जिभेने टकटक करतो, तसा नुकरा पुढचा पाय उचलून हवेत धरतो. मित्राच्या तोंडून "वा!" निघतं.

"उंची साडेत्रेसष्ट इंच. आणि हे बघा, देवमन." तो घोड्याच्या गळ्याखालचा भोवरा दाखवतो. "हा ज्याच्या दारात, त्याच्या दारात लक्ष्मी. वरातीत ढोल-ताशा वाजला तरी पापणी हलत नाही."

भोवऱ्यांचं हे शास्त्र जुनं आहे. शालिहोत्राच्या नावावरच्या अश्वशास्त्रापासून रंग, भोवरे, पांढऱ्या पायांची शुभाशुभ लक्षणं लिहिली गेली, आणि आजही सारंगखेड्याला एका भोवऱ्याने किंमत चढते किंवा पडते. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा असलेला पंचकल्याणी तर वरातवाल्यांचा लाडका. बाई यावर काही बोलत नाहीत. त्या मोजपट्टीची काठी मागवतात, घोड्याला सपाट काँक्रीटवर उभा करतात आणि खांद्यांमधल्या उंचवट्यावर आडवी दांडी टेकवतात. साडेएकसष्ट. कापडी टेप खांद्याच्या गोलाईवरून फिरवली की दोन इंच फुकट मिळतात.

"आणि वय?"

"सात."

बाई अंगठा तोंडाच्या कडेने सरकवून जबडा उघडतात आणि लेकीला जवळ बोलावतात. मधले दोन कायमचे दात अडीच वर्षांना, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड भरतं. मग खालच्या दातांवरचे खड्डे झिजायला लागतात, मधल्यांचे सहाला, शेजारच्यांचे सातला, कडेचे आठला. पुढे अंदाज कठीण होत जातो, पण दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कडेच्या दातावर हिरडीपासून एक उभी खोबणी उतरू लागते. पंधराला ती निम्म्यावर येते, विसाला टोकाला पोचते. नुकऱ्याची खोबणी जवळजवळ निम्म्यावर आहे. खालच्या दातांवर मात्र दोन काळे खड्डे अगदी ठसठशीत, जरा जास्तच नेमके. दात कोरून, डागून घोडा तरुण करायची युक्ती जगभरच्या घोडेबाजारांत जुनी आहे.

"चारा रेताड असला की दात झिजतातच मॅडम," दलाल म्हणतो.

"झिजतात ना. पण ही खोबणी चाऱ्याने पडत नाही."

बाई तोंडातून हात काढता काढता ओठांच्या कोपऱ्यांशी थांबतात. तिथे जुने, पांढुरके वण आहेत. जिभेवर एक आडवी खाच. काटेरी लगामाची ही खूण. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्राने केलेल्या नियमांत काटे-खिळ्यांचा लगाम वापरायला मनाई आहे, तरी नाचरे घोडे त्याच्याच धाकाने नाचतात. नुकऱ्याच्या मागच्या पायांच्या सांध्यांवर फुगवटे आहेत. वर्षानुवर्षं डांबरावर मागच्या पायांवर भार घेऊन नाचल्यावर दुसरं काय होणार! बाई त्याच्या मानेवर थोपटतात. तो डोळे मिटतो. घोडा स्वभावाने गरीब आहे, हे खरंच.

"याला आता कुणीतरी नुसतं सांभाळायला हवंय," त्या मित्राला म्हणतात. "तुम्हाला सांभाळायचा असेल तर जरूर घ्या. हिला बसायला नको."

मित्र देवमनाकडे एकदा बघून घेतो आणि गप्प होतो.

आता घोडी. अंगाने सडपातळ, डोळे मोठे, कान सतत फिरते. दलालाचा स्वरही बदलतो. हिच्या बाबतीत भोवऱ्यांवर बोलायचं कारणच नाही, कारण हिला कागद आहेत. भारतातल्या थरोब्रेड घोड्यांची वंशनोंद ठेवणारी स्टड बुक अथॉरिटी पुण्यातच आहे. प्रत्येक शिंगराचे आई-बाप, जन्मतारीख, रंग, अंगावरच्या खुणा तिथे नोंदलेल्या. बाई मानेच्या डाव्या बाजूवर स्कॅनर फिरवतात, मायक्रोचिपचा आकडा उमटतो. लेक तो पासपोर्टावरच्या आकड्याशी जुळवते. मग कपाळावरची चांदणी, मागच्या उजव्या पायाचा पांढरा मोजा, मानेवरचा भोवरा. भोवरा इथेही उपयोगी पडतो, फक्त लक्ष्मीसाठी नाही, ओळख पटवण्यासाठी. कागद एका घोडीचा आणि दावणीला दुसरीच, असंही होतं.

तपासणी नाकापासून सुरू होते. नाकपुड्यांत स्राव नाही, जबड्याखाली गाठी नाहीत. बाई इथे बराच वेळ रेंगाळतात, कारण ग्लँडर्सच्या खुणा इथेच दिसू शकतात. हा रोग घोड्यापासून माणसाला होतो, त्यावर घोड्यांत उपचार केले जात नाहीत आणि रोगी जनावराला कायद्यानुसार मरण द्यावं लागतं. नुसत्या नजरेवर त्या विसंबत नाहीत. रक्ताचा नमुना जाणार आहेच. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रामुळे आपल्याकडे या तपासण्यांची घडी बसलेली आहे. त्याच रक्तात सर्राही बघायचा. चावऱ्या माश्यांमधून पसरणारा हा ताप घोड्याला आतून पोखरतो. पावसाळ्यात, नदीकाठी, गाईम्हशींच्या शेजारी राहणाऱ्या घोड्याची ही चाचणी कशी टाळणार?

कप्प्याचं दार लोटून घेतलं जातं. अंधारात बॅटरीचा झोत डोळ्यावर पडतो, बाहुली आकसते. दुसरा डोळा. मग बाई हाताचा तळवा डोळ्याजवळ नेतात, पण हळूच, वारा लागणार नाही असा. घोडी पापणी मिटते. एका डोळ्याने अधू घोडा तबेल्यात कुणाच्या लक्षातही येत नाही. सिंहगड रोडच्या वाहतुकीत त्या बाजूने बस आली की कळतं.

नाडी मिनिटाला ३६. घोड्याची विश्रांतीतली नाडी २८ ते ४४ असावी. श्वास १२. ताप शंभर फॅरनहाइट. पोटाला चारही बाजूंनी स्टेथोस्कोप लागतो, आत गुडगुड चालू आहे. "शांत पोट वाईट," बाई लेकीला सांगतात. घोड्याला ओकता येत नाही, म्हणून पोटशूळ त्याच्या जिवावर बेतू शकतो. आणि घोडी म्हटल्यावर आणखी एक प्रश्न येतोच. "गाभण नाही ना?" साईस हसतो. बाई हसत नाहीत. अकरा महिन्यांचा गर्भकाळ, सुरुवातीला पोट दिसत नाही. एक विकत घेऊन दोन घरी यायला नकोत, म्हणून सोनोग्राफी यादीत चढते.

टेपने छाती १८० सेंटीमीटर, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी १६०. छातीचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०. लेक मोबाइलवर हिशोब करते. ४३६ किलो. खोगिरासकट स्वार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावा, म्हणजे ८७ किलोंच्या.

"बाबा, तुम्ही बाद," लेक म्हणते. मित्र पोट आत ओढतो.

आता नालबंद पुढे होतो. खरं तर इथून पुढची सकाळ त्याचीच आहे. तो पुढचा उजवा पाय मांडीवर घेतो, खुराच्या तळाची माती हुकाने काढतो आणि नाक जवळ नेतो. पावसाळ्यात ओल्या पेंढ्यावर उभ्या राहणाऱ्या घोड्याचा खूर मधल्या मऊ भागात कुजतो, आणि ते आधी नाकाला कळतं. वास नाही. चिमट्याने तळवा जागोजाग दाबला जातो, घोडी पाय ओढत नाही. दोन्ही पुढचे खूर आकाराने सारखे. खुराच्या भिंतीवरचे वेढे एकमेकांना समांतर. ही भिंत वरून खाली यायला वर्ष लागतं, त्यामुळे गेल्या वर्षी घोड्याचं काय काय बिघडलं, ते या वेढ्यांची खातेवही सांगते. वेढे टाचेकडे फाकलेले असले तर खूर आतून सुजून गेलेला असतो. इथे तसं नाही. पण नालबंद जुना नाल हातात घेऊन बोटाने दाखवतो, "डाव्याचा बाहेरून जास्त घासलाय."

बाई डावा पुढचा पाय उचलून वाकवतात आणि नळीच्या मागची शीर अंगठा-तर्जनीत धरून वरून खाली चाचपत येतात. मध्यावर बोटं थांबतात. पुन्हा वर, पुन्हा खाली. मग लेकीचा हात धरून तिथे लावतात. "उजव्याशी ताडून बघ." लेकीला कळतं. डाव्याची शीर जाड आहे, थोडी गाठाळ. गरम नाही, दाबल्यावर घोडी तक्रार करत नाही.

"रेस इथेच संपली हिची," बाई म्हणतात. दलाल टॉवेल झटकतो. त्याने हे सांगितलं नव्हतं.

काँक्रीटवरची दुडकी सुरू होते. साईस दोर सैल धरून धावतो, घोडी शेजारी. आम्हा सगळ्यांना काम मिळालंय, फक्त डोकं बघायचं. पुढच्या पायात दुखत असेल तर तो पाय जमिनीला टेकताना घोडा डोकं वर उचलतो. डोकं एका रेषेत चाललंय. मग साईस डावा पाय मिनिटभर मुडपून धरतो आणि सोडताक्षणी पळवतो. पहिली दोन पावलं आखूड पडतात, तिसऱ्यापासून सरळ. लांब दोरीवर गोल फिरवताना मऊ मातीवर उत्तम, कडक जमिनीवर डावीकडे वळताना किंचित आढेवेढे. बाई लिहून घेतात. वेदनाशामक देऊन लंगडा घोडा सरळ चालवता येतो, म्हणून रक्ताची एक बाटली त्याच तपासणीसाठी सीलबंद होते. दलाल म्हणतो, "इतका संशय?" बाई म्हणतात, "तुमच्याच सोयीचं आहे. उद्या घोडी लंगडली तर तुमच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही."

खोगीर चढतं. तंग आवळताना घोडी कान मागे टाकते, पण चावत नाही. आधी तबेल्याचा मुलगा बसतो. जो घोडा त्याचा माणूसच चालवून दाखवत नाही, त्यावर आपण कशाला चढायचं? मग लेक. चार फेऱ्या ठीक जातात. पाचव्या फेरीला शेजारच्या गल्लीतून रिक्षा फटफटत येते, घोडी बुजते, लेक घाबरून लगाम घट्ट धरते आणि घोडी थांबायच्या ऐवजी पुढे झेपावते.

"सैल सोड! हात सोड!" बाई ओरडतात. लगाम सैल होतो, घोडी चालीवर येते.

रेसच्या घोड्याला तोंडात आधार मिळाला की त्यावर रेलून पळायची सवय असते. आपण थांबवायला ओढतो, त्याला वाटतं निघायचंय. ही सवय बदलायला महिने लागतात आणि शिकवणारा हात शांत हवा. लेकीचा चेहरा उतरलाय, पण ती घोडीवरून उतरत नाही. आणखी दोन फेऱ्या घेते. बाई छत्री उघडतात, मिटतात. घोडी बघते आणि चालत राहते.

"त्यापेक्षा आपली भीमथडी का नाही बघत?" मित्र कुजबुजतो. प्रश्न चुकीचा नाही. भीमाकाठची ही बुटकी, काटक जात आता राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे, राज्यगीतामुळे तिचं नाव शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे. मराठ्यांच्या फौजेत बारगिराला सरकारी पागेतला घोडा मिळे, शिलेदार मात्र स्वतःचा आणी. घोडा मेला तर नुकसान शिलेदाराचं. त्याने घोड्यात काय बघितलं असेल? कमी चाऱ्यावर लांबचा पल्ला आणि दगडावर टिकणारे खूर. देखणेपण नंतरचं. लेकीची उंची पाच फूट नऊ इंच नसती, तर बाईंनीही तेच सुचवलं असतं.

"मग पास की नापास?" मित्र विचारतो.

बाई कागद फिरवून दाखवतात. त्यावर गुण नाहीत. "साहेब, निर्दोष घोडा मी अजून तपासलेला नाही. कुठला दोष तुम्हाला परवडेल, एवढंच मी सांगते. हिला उंच उड्या मारायच्या असतील तर ही घोडी नको. मऊ मैदानावर चाल, दुडकी, सकाळची रपेट, एवढं हवं असेल तर ही शीर चालेल. सोनोग्राफीत फाटलेलं दिसलं नाही तर. आणि ती सहा वर्षांची आहे. घोडा पंचवीस वर्षंही जगतो. शेवटची काही वर्षं तिच्यावर कुणी बसणार नाही, पण ती खाणार रोज."

रोजचा हिशोब बाई तोंडावर मांडतात. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा-दाणा, म्हणजे हिला साडेसहा ते पावणेनऊ किलो. गवत, लसूणघास, ओट, थोडा हरभरा. तीसेक लिटर पाणी. पंधरा-वीस किलो लीद, ती उचलणारा माणूस. दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद. धनुर्वाताची लस, जंताचं औषध, वर्षातून एकदा दात घासायला डॉक्टर. विकत घ्यायची किंमत यात सगळ्यात छोटी रक्कम ठरते.

तीच रक्कम आता दलाल काढतो. टॉवेल पसरून त्याखाली मित्राचा हात धरतो. बोटं चालतात. आम्हाला आकडा दिसत नाही, मित्राच्या भुवया दिसतात. तो एक बोट कमी करतो, दलाल मान हलवतो. टॉवेलखालची ही बोली बाजारात शोभते, चार जणांसमोर कुणाची लाज जात नाही.

"बाबा, हात काढा," लेक म्हणते. "काका, आकडा कागदावर लिहा. खाली आणखी काही लिहायचंय." आणि ती सांगत जाते. रक्ताचे सगळे अहवाल आल्यावरच पैसे. डाव्या पायाच्या शिरेची सोनोग्राफी आमच्या खर्चाने. औषधाचा अंश सापडला तर व्यवहार रद्द. पंधरा दिवस आमच्याकडे चाचणीला, तोवर खोड निघाली तर परत. पासपोर्ट आणि मालकीची नोंद आमच्या नावावर झाल्यावर शेवटचा हप्ता.

"ताई, नाशिकची पार्टी दुपारी येतेय," दलाल म्हणतो. "इसार तरी द्या."

"येऊ द्या. त्यांनाही डावा पाय दाखवा."

दलाल क्षणभर तिच्याकडे बघतो आणि पहिल्यांदाच मनापासून हसतो. पेन मागतो.

बाई हात धुताहेत. मित्राला वाटतं, संपलं. पण त्या म्हणतात, "घोडी बघून झाली. आता तुमची बाजू. बावधनला जो कप्पा भाड्याने घेताय, तो दाखवा. जमीन घसरडी आहे का, पाणी कुठून येतं, शेजारी दुसरा घोडा आहे का. एकटी ठेवलीत तर ती पण फळी कुरतडायला लागेल. आणि रात्री अडीचला हिने पोटाकडे बघून पाय आपटायला सुरुवात केली, तर डॉक्टर येईपर्यंत तिच्यापाशी कोण थांबणार?"

"मी," लेक म्हणते.

"आणि तू ऑफिसच्या कामाने बेंगळुरूला असलीस तर?"

लेक बापाकडे बघते. मित्र नुकऱ्याच्या कप्प्याकडे, मग घोडीकडे, मग स्वतःच्या पांढऱ्या बुटांकडे बघतो. साईसाला हाक मारतो.

"अहो, ती मोहरकी कशी घालायची, ते मला दाखवा बरं एकदा."